शेठचा बांध आणि आमचे हात

घरातली भाचरं-पुतणे मला अजून थोडे वचकून असतात, कारण मुंबईच्या मोर्चात मी दगड फेकला होता असं त्यांनी ऐकलेलं आहे. हे त्यांच्या कानावर मीच घातलेलं आहे. प्रत्यक्षात मी दगड उचलला तेवढ्यात पुढची गर्दी उलटी फिरली आणि दगड हातात तसाच धरून मी एका पिठाच्या गिरणीत शिरलो. गिरणीवाल्याने मला आत घेतलं, दगड काढून घेतला आणि दाराला टेकू म्हणून लावला. त्या सगळ्या चळवळीत माझ्या हातून झालेलं कार्य ते एवढंच. लाँचमधून मांडव्याला उतरलो तेव्हा एका पायात चप्पल नव्हती, पण चालत गावात पोचेपर्यंत मी मोडतोडीच्या राजकारणातला मोठा जाणकार झालो होतो.

गाव आमचं खाडीकाठचं. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत, आणि आमची जमीन म्हणजे दर्याच्या तोंडातून ओढून काढलेली. खाडीच्या अंगाला मातीचा लांबलचक बाहेरचा बांध. त्याच्या आड एका बाजूला आमची भातखाचरं, दुसऱ्या बाजूला मिठागर, आणि दोघांच्या मध्ये एक बुटका आतला बांध. बाहेरचा बांध खेकडे पोखरतात. उधाणाचं पाणी त्या बिळात शिरतं आणि बघता बघता भगदाड पडतं. त्याला आम्ही खांड म्हणतो. ‘खांड गेली’ अशी हाळी आली की जो असेल तिथून फावडं-घमेलं घेऊन धावायचं. बांध कुणाचा, त्याच्याशी आपलं बोलणं आहे की नाही, हे बघायचं नाही. बोहल्यावरून नवरे धावलेत. तिरडी खाली ठेवून माणसं धावल्याचंही सांगतात. वरचा तेवढा उठला नाही, बाकी सगळे गेले.

मिठागर एका शेठचं होतं. त्याने एका हिवाळ्यात आतल्या बांधाला लागूनच खाऱ्या पाण्याचं नवं तळं खोदलं. मीठ जास्त निघावं म्हणून. त्या तळ्याचं पाणी बांधाखालून पाझरत पलीकडे आलं आणि पहिलं शेत लागलं ते माझ्या आत्याचं.

आत्या आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. तरुणपणीच कपाळ पांढरं झालं आणि माहेरी आली. आल्याआल्या तिने भावाला सांगितलं की तुझ्या ताटातलं खाणार नाही, मला माझं शेत दे. आजोबांनी तिच्या नावाने एक पट्टी काढून दिली. ती त्यात राबायची, स्वतःचा भात स्वतः कांडायची, आणि आमच्याच घरात पण स्वतःच्या चुलीवर शिजवायची. त्या पावसाळ्यात तिची लावणी झाली, रोपं दहा-बारा बोटं उभी राहिली आणि मग शेंड्यांपासून पिवळी पडत गेली. श्रावण सरला तेव्हा शेतात पांढरी खार फुलली होती. माहेरी आल्यापासून पहिल्यांदा आत्याने आमच्या चुलीवरचा भात खाल्ला. ती जेवताना कुणाकडे बघायची नाही. आम्हीही बघायचो नाही.

आबा शेठकडे गेले. शेठ म्हणाला, खारजमिनीत खार आली तर त्याला मी काय करू. आणि बाईमाणसाचं नुकसान झालं याचं वाईट वाटून त्याने आत्याला भेट पाठवली. मिठाची एक पाटी. वर निरोप, वर्षभर भाताला पुरेल.

भात नव्हताच. पाटी आली तेव्हा आत्या अंगण सारवत होती. तिने हात धुतले, पाटीकडे बघितलं आणि म्हणाली, “ठेव तिथंच.” त्या दिवसापासून तिने मीठ सोडलं. बाजारात येणारं सगळंच मीठ त्या आगरातलं, तेव्हा दुसरा इलाज नव्हता. ती अळणी खायची आणि खाताना शेठचं नाव घ्यायची. देवाचं घेतात तसं, घासागणिक.

आता आमचे आबा. ते मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. गावात त्यांना मान होता, अंगात खादी होती आणि शांततेच्या मार्गावर त्यांची अशी श्रद्धा होती की घरात मांजरीलाही ते ‘बाजूला हो’ म्हणून विनंती करायचे. त्यांनी सत्याग्रह जाहीर केला. तळ्यात पाणी घ्यायची जी फळी होती, तिच्या तोंडाशी ते टकळी घेऊन बसले. शेठने काय करावं? त्याने सतरंजी पाठवली. उन्हाला छत्री पाठवली. चहा पाठवला. उतरत्या उन्हात स्वतः आला, आबांच्या शेजारी मांडी घालून बसला. स्वातंत्र्यानंतर शेठही खादीत आला होता आणि त्याची खादी आबांच्या खादीहून पांढरी होती. तो म्हणाला, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून देश आहे. उठताना पाया पडला. तळं होतं तिथेच राहिलं.

असं बरेच दिवस चाललं. शेवटी चहाची सवय लागेल या भीतीने आबा उठले.

त्या संध्याकाळी जेवताना आत्या बोलली. “मिठासाठी तुरुंगात गेलास. आता त्याच मिठानं भैनीचं शेत खाल्लं. तू बसलास, तो बी बसला. तू उठलास, तो बी उठला. पानी हाय तिथंच हाय.”

आबा म्हणाले की माणसाचं मन वळायला वेळ लागतो.

“त्याचं मन वळंपर्यंत माझं लोणचं व्हईल.”

मी मध्ये पडलो. मुंबईचा अनुभव पाठीशी होता. मी समजावून सांगितलं की नुकसान झाल्याशिवाय मालक लोकांना ऐकू येत नाही. मुंबईत काचा फुटल्या तेव्हा सरकार हादरलं. आबांनी शांतपणे विचारलं, “आणि तुझी चप्पल?”

आत्याने मात्र माझं ऐकलं. ती म्हणाली की उधाणाच्या दिवशी मिठागराच्या अंगाला बाहेरच्या बांधावर फावडं चालवा, बाकीचं दर्या करील. आगरात मिठाच्या राशी उभ्या आहेत, पडावात, म्हणजे मालाच्या होडीत, भरायच्या आधी त्यांना खाडीची आंघोळ घाला.

आबांनी ताट सारलं. बांध शेठचा नसतो, ते म्हणाले, बांध गावाचा असतो. आपल्या सात पिढ्यांत बांध बांधणारे झाले, फोडणारा एकही झाला नाही. आणि मग जरा आवाज चढवून, “बांध फोडतो तो माणसातून उठतो. या घरात हे बोलायचं नाही.”

बोललो नाही. माझ्या दोन चुलतभावांना शेतावर नेऊन सांगितलं.

वैशाखी पुनवेची भरती भर दुपारी येते. जेवून गाव आडवं झालेलं असतं, बांधावर कुत्रंही नसतं. आम्ही तिघे फावडी घेऊन गेलो. सांगायला हरकत नाही की काम फार सोपं होतं. दगडापेक्षा मातीवर माझा हात चांगला चालतो. चार फावडी मारली, पाणी आत डोकावलं, आणखी चार मारली आणि ते घुसलं. मला शेठचा चेहरा दिसत होता, त्या पांढऱ्या खादीसकट. अंगावर असा काटा आला की लग्नातसुद्धा आला नव्हता.

लग्नाचं म्हणाल तर ते नुकतंच झालं होतं, आणि बायकोला आम्ही या कटातलं काही सांगितलं नव्हतं. ती चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरायला बांधाच्या खालच्या अंगाला उतरली होती. तिचं माहेरही खाडीचंच. तिने उसळतं पाणी पाहिलं आणि जन्मापासून जे ऐकत आली ते बेंबीच्या देठापासून ओरडली. “खांड गेली!”

गाव उठलं. झोपेतून, अर्ध्या कपड्यांत, पाट्या, घमेली, गवताच्या पेंढ्या घेऊन लोंढाच आला. मला धावायला जागा नव्हती, मी खांडीतच उभा होतो. तरी हाळी कानात गेली आणि माझे हात माझे राहिले नाहीत. ज्या फावड्याने खणत होतो तेच उलटं फिरवून मी माती टाकायला लागलो. शेजारी चुलतभाऊ पाण्यात छाती लावून उभे राहिले, प्रवाह मोडायला. आणि सगळ्यात आधी कोण पोचलं असेल? आत्या. केस सुटलेले, डोक्यावर चिखलाचं घमेलं.

मी हळूच म्हटलं, “आत्ये, अगं, आपणच तर—”

“गप,” ती म्हणाली. “माती टाक.”

भरती वळायच्या आत खांड बुजली. शेठचं मिठाचं एक ढेकूळही भिजलं नाही.

पुढचं सांगताना अजून कानशिलं तापतात. शेठने गावाला देवळासमोर बोलावलं. पेढे वाटले. गावाच्या एकजुटीवर भाषण केलं. आणि म्हणाला की संकटाच्या वेळी सर्वांच्या आधी बांधावर कोण हजर होता, हे मला आगराच्या मुकादमाने सांगितलंय. ते खरंच होतं. त्याने झेंडूची माळ माझ्या गळ्यात घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या खांबाला टेकून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर हसू होतं की काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या माळेतल्या एकेका फुलाचा सूड घ्यायचा असं मी तिथेच, पेढा चघळत, मनाशी ठरवलं.

घरी आल्यावर आबांनी माझं फावडं उचलून पाहिलं आणि जागेवर ठेवलं. “खेकड्याची खांड वाकडीतिकडी असते,” ते म्हणाले. “ही कडेने सरळ होती.” मी शिव्यांची वाट बघत होतो. त्या आल्या नाहीत. पुढे काही दिवस त्यांनी टकळीला हात लावला नाही. मग एकदा जेवताना मान वर न करता म्हणाले, “आपण धावलो म्हणून त्याचं मीठ राहिलं.”

ते ज्या आवाजात म्हणाले तो मी आधी ऐकला नव्हता. आत्याने मात्र ऐकला असावा. ती वाढता वाढता थांबली.

येत्या अमावास्येला पुन्हा उधाण होतं. पावसाळी वारं सुटलेलं, आणि आम्ही घाईत बुजवलेली खांड तेवढी मजबूत नव्हती. आबांनी घरोघर जाऊन सांगितलं: कुणी फावडं चालवायचं नाही. बांधाला बोटही लावायचं नाही. पण तो आपणहून गेला तर कुणी धावायचं नाही. आतला बांध आपण उंच करू, आपली खाचरं राखू, आणि त्याच्यावर बसून राहू.

हे ऐकून माणसं जेवढी दचकली तेवढी मी बांध फोडला हे ऐकून दचकली नसती. म्हाताऱ्यांना तर कळेचना. एकाने विचारलं, “मग हाळी कशाला असते रे?” आमच्या मागच्या पिढीने खोताविरुद्ध संप केला होता, वर्षानुवर्षं जमिनी ओस ठेवल्या होत्या, उपास काढले होते. पण त्यांनीही हाळीला पाठ दाखवली नव्हती.

तेव्हा आबांनी तालीम ठेवली. हो, तालीम. उन्हं कलली की सगळ्यांना आतल्या बांधावर बसवायचे आणि कुणाला तरी ‘खांड गेली’ म्हणून ओरडायला लावायचे. पहिल्या दिवशी, खोटी हाळी आहे हे पक्कं ठाऊक असून, अर्ध्याहून जास्त गाव बाहेरच्या बांधावर जाऊन उभं राहिलं. एक म्हातारा धावण्याच्या भरात थेट खाडीत गेला. दुसऱ्या दिवसापासून माणसं हात मांडीखाली घेऊन बसू लागली. माझ्या बायकोने माझ्या धोतराचं टोक आपल्या पदराला बांधलं, सप्तपदीला बांधतात तसं. तिला माझा भरवसा नव्हता. मलाही नव्हता.

इकडे आबा शेठला रीतसर सांगून आले. मीही बरोबर होतो. सत्याग्रही माणूस लपवाछपवी करत नाही म्हणाले. अमावास्येला बांध जाईल, गाव येणार नाही, तळं हलवा. शेठ हसला. “आबा, तुमची माणसं मी ओळखतो. हाळी ऐकून बसून राहणं त्यांच्या रक्तात नाही.”

“तेच शिकवायला घेतलंय,” आबा म्हणाले, आणि त्याला नमस्कार करून निघाले. वाटेत मी विचारलं की ही शांतता की सूड. ते म्हणाले, मी कुणाच्या केसाला धक्का लावलाय का. मी म्हटलं, नाही. “मग झालं,” असं म्हणून ते पुढे चालू लागले. त्या दिवशी ते फार झपझप चालत होते.

अमावास्येला वारं समोरून होतं. आम्ही सकाळपासून आतल्या बांधावर बसलो होतो, बायाबापड्यांसकट. मिठागरात राबणारीही आमचीच माणसं, तीही येऊन बसली. पाणी चढत गेलं. मी जिथे माती टाकली होती तिथून आधी बारीक धार आली, मग बांधाचं पोट फुगलं आणि एका दमात बसलं. मुकादम ओरडला, “खांड गेली! खांड गेली रे!”

हात मांडीखाली होते. पण माझ्या पोटऱ्या आपोआप उडत होत्या, पोहताना उडतात तशा. शेजारचा म्हातारा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी येत होतं. कुणी उठलं नाही. कुणी शिवी दिली नाही, दगड उचलला नाही. एवढं शिस्तीतलं आंदोलन मी मुंबईतही पाहिलं नव्हतं.

पाणी आगरात पसरलं आणि पहिल्या राशीच्या पायाशी गेलं. मिठाची रास कोसळते तेव्हा मोठा आवाज होत नाही. आधी खालून खचते, मग एक कूस सुटते आणि उरलेली पाठोपाठ बसत जाते. शेठ आला. धोतर वर खोचून, एकटा, डोक्यावर चिखलाची पाटी घेऊन तो खांडीकडे गेला, टाकली, ती वाहून गेली. पुन्हा एक आणली. मला ते इतकं गोड लागत होतं की सांगता सोय नाही. मी एकेक रास माझ्या हाताने विरघळल्यासारखी बघत होतो.

दुसरी रास बसली तसा शेठ आमच्याकडे वळला. खादी छातीपर्यंत चिखलाने भरलेली. पाण्यातूनच हात जोडून म्हणाला, “तळं हलवतो. उद्याच हलवतो. देवाची शपथ. उठवा यांना, आबा.”

सगळं गाव आबांकडे बघू लागलं. त्यांनी एक शब्द उच्चारायचा होता. जो मागायला आम्ही बसलो होतो तो शब्द शेठने दिला होता. आबा गप्प. त्यांची मान ताठ होती आणि डोळे तिसऱ्या राशीवर होते. तिची कूस सुटली. तरी ते गप्प.

आत्या उठली. आबांनी तिचं मनगट धरलं. “बस, बाय. हे शांततेचं आहे.”

“ह्याला शांतता म्हनतोस?” तिने हात सोडवून घेतला. “माझं शेत मला मिळालं. आता काय बघत बसलास?” आणि गावाकडे वळून तिने ती हाळी दिली, आमच्या बायकोपेक्षाही मोठ्या आवाजात. बस्स. बसवून ठेवलेलं गाव सुटलं. मी धावलो आणि धोतराच्या टोकाला बांधलेली बायको माझ्यापुढे धावली, त्यामुळे खांडीपर्यंत मी बऱ्यापैकी फरफटतच गेलो. आबा सगळ्यांत शेवटी आले. त्यांनीही माती टाकली, पण पहिली काही घमेली त्यांच्या हातून नीट पडत नव्हती.

शेठने तळं हलवलं. मध्ये गोड्या पाण्याचा चर खणून दिला. आत्याने पावसाचं पाणी शेतात साठवायचं आणि उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, ओहोटीला सोडून द्यायचं, असं दोन पावसाळे करून खार धुऊन काढली. तिसऱ्या पावसाळ्यात रोपं धरली. तिची चूल पुन्हा पेटली आणि ती पुन्हा आमच्याकडे जेवायची बंद झाली.

भावाशी मात्र तिचं नीट जमलं नाही. एकदा अंगणात भात वारवताना मी दोघांना ऐकलं. ती म्हणत होती, “मी फोडा म्हनलं तवा मला बोल लावलास. मी फोडला असता नि पळाले असते. तू बघत बसलास.”

“मी हात लावला नव्हता,” आबा म्हणाले.

“त्येच सांगते.”

आबा सूप हलवत राहिले. पुढे कुणी त्यांच्या सत्याग्रहाची तारीफ केली की ते उठून बाहेर जायचे. बायको म्हणते, आत्या उभी राहिली म्हणून आपण सगळे माणसात राहिलो. असेल. या दोघींशी वाद घालायची माझी कधीच छाती झाली नाही. पण माझ्या गळ्यात ती झेंडूची माळ पडली होती, यांच्या नाही. आत्या ओरडली तेव्हा आगरातली सगळ्यांत मोठी रास अजून कोरडी उभी होती आणि पाणी तिच्यापासून हातभर लांब होतं. तिने थोडा दम धरायला हवा होता.